मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे पचनमार्गातील उपद्रव

कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण पडून रक्तस्राव होतो. काहींना गिळता येत नाही, काहींना नळीतून दिलेले अन्न पोटात साचून राहते. यांत रक्तस्राव सर्वांत धोक्याचा. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३२ मध्ये या व्रणांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कुशिंग व्रण म्हणतात. कवटीतला दाब वाढला की मेंदूतून जठरापर्यंत जाणारी व्हेगस नस चेतवली जाऊन जठरात आम्ल वाढते. त्यातच रक्तदाब घसरला, तर जठराच्या अस्तराला रक्त कमी पडते.

इंदुरात वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक पहिला दोष शेव-मिरचीला देतात. 'बाबांना तिखटाशिवाय घास उतरत नाही हो!' पण तिखटाने हा व्रण होत नाही. डॉक्टरांना आवर्जून सांगावी ती दुसरीच गोष्ट: गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेली रोजची गोळी, हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन, पूर्वीचा अल्सर. घरच्यांना ही औषधे वाटतच नाहीत, त्यामुळे विचारल्याशिवाय ती कुणी सांगत नाही.

बाकीचा धोका रुग्ण किती गंभीर आहे यावर ठरतो. खोल बेशुद्धी, जंतुसंसर्ग, निकामी होत चाललेले मूत्रपिंड आणि वाढलेले वय यांनी तो वाढतो. अतिदक्षता विभागातल्या २,२५२ रुग्णांच्या १९९४ च्या कॅनडातील अभ्यासात दोन घटक ठळक दिसले: ४८ तासांहून अधिक व्हेंटिलेटर आणि रक्त गोठण्यातला बिघाड. त्यांपैकी एक तरी असलेल्यांत गंभीर रक्तस्राव ३.७ टक्के, दोन्ही नसलेल्यांत ०.१ टक्का होता. मेंदूची सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनला बऱ्याचदा एकट्यालाच जबाबदार धरले जाते. गुडघेदुखीच्या गोळीसारख्या वेदनाशामकांची जोड मिळाली की मात्र ते खरोखर घातक ठरते.

मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातली गाठ काढल्यावर नववी व दहावी मस्तिष्क-नस दुखावली, तर अन्न श्वासनलिकेत जाते. चहा, पाणी यांसारखे पातळ पदार्थ इथे पोह्यांच्या घासापेक्षाही फसवे. रुग्ण ठसकत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे नाही. गिळण्याची तपासणी होईपर्यंत राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात घातलेली नळीच बरी. नळीतून अन्न देताना डोके साधारण ३० अंश वर ठेवतात. अफूजन्य वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो आणि कुंथण्याने कवटीतला दाब वाढतो, म्हणून सौम्य रेचक सुरू करतात.

व्हेंटिलेटरवरील रुग्णांना जठरातले आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल दिल्यास रक्तस्राव कमी होतो, हे २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसले. मृत्यूंत मात्र ठोस फरक पडला नाही. म्हणून शुद्धीवर असलेल्या, तोंडाने जेवणाऱ्या रुग्णाला ते सरसकट चालू ठेवणे पटण्यासारखे नाही. शौचास काळे, चिकट होऊ लागले किंवा नळीतून कॉफीच्या गाळासारखा स्राव आला, तर लगेच सांगावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळे होते, तेव्हा त्या चालू असल्यास तेही कळवावे.