फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार : निवडीची पद्धत

बेसबॉल सामन्यांचे रेडिओ वा दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्यांसाठी अमेरिकेतील सर्वोच्च सन्मान. न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथील राष्ट्रीय बेसबॉल हॉल ऑफ फेम १९७८ पासून तो दरवर्षी देते. फोर्ड फ्रिक आधी क्रीडापत्रकार, मग रेडिओ निवेदक आणि १९५१ ते १९६५ या काळात बेसबॉलचे आयुक्त होते. पहिल्या वर्षी मेल ॲलन आणि रेड बार्बर या दोघांना हा मान मिळाला. त्यानंतर वर्षाला एकच मानकरी निवडला जातो.

मानकऱ्याला सर्रास ‘हॉल ऑफ फेममध्ये निवडून आलेला समालोचक’ म्हणतात. ते काटेकोरपणे बरोबर नाही. खेळाडूंच्या दालनात त्याची कांस्यपट्टिका लागत नाही. पत्रकार-समालोचकांच्या वेगळ्या प्रदर्शनात त्याचे नाव असते.

पात्रतेची अट नेमकी आहे : मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या) एखाद्या संघासाठी, राष्ट्रीय वाहिनीसाठी किंवा दोन्हींकडे मिळून किमान १० वर्षे सलग समालोचन. व्यक्ती कार्यरत असो, निवृत्त असो वा दिवंगत. मतदार समालोचनाचा दर्जा, कामावरील निष्ठा, खेळाच्या वर्तुळातील आदर, श्रोत्यांतील लोकप्रियता आणि सहव्यावसायिकांनी दिलेली मान्यता पाहतात. हयात मानकरी आणि प्रसारणाचे इतिहासकार व स्तंभलेखक हे मतदार. त्यांच्यातलीच एक उपसमिती अंतिम यादी तयार करते.

खरी अडचण यादीतच असते. बेसबॉलचे समालोचन बहुतांशी स्थानिक. एका शहराने तीस वर्षे रोज ऐकलेला आवाज दुसऱ्या शहरातील मतदाराच्या कानावरून क्वचितच गेलेला असतो. जुन्या पिढीचे तर ध्वनिमुद्रणही फारसे उरलेले नाही. म्हणून सगळ्यांना एकाच यादीत घातले की राष्ट्रीय वाहिनीवरचे परिचित आवाज पुढे सरकतात.

२००४ पासून काही वर्षे अंतिम यादीतील दहापैकी तीन नावे चाहत्यांच्या ऑनलाइन मतांनी ठरत. ओकलंड संघाचे बिल किंग त्यात वारंवार आघाडीवर असत, पण अंतिम निर्णय मतदार समितीचा होता. किंग २००५ मध्ये वारले. पुरस्कार २०१७ चा मिळाला. चाहत्यांची मते नाव यादीपर्यंत नेऊ शकत होती, त्यापलीकडे नाही.

मग दरवर्षी वेगळ्या कालखंडाची यादी, अशी पाळी लावण्यात आली. आरंभीच्या काळाला स्वतंत्र वर्ष मिळाल्यामुळेच १९४२ मध्ये वारलेले ग्रॅहम मॅकनेमी २०१६ मध्ये आणि खेळाडू राहिलेले क्लीव्हलंडचे जॅक ग्रेनी २०२२ मध्ये निवडले गेले. इतका उशीर खटकतो. पाळी नसती तर ही नावे मागेच राहण्याची शक्यता अधिक होती.

२०२३ च्या पुरस्कारापासून चक्र पाच वर्षांचे आहे. चार वर्षे दहा नावांची संमिश्र यादी असते. तीत १९९४ पासूनच्या वाइल्ड कार्ड काळात (गटविजेता नसलेल्या संघालाही बाद फेरीत जागा देण्याच्या पद्धतीच्या काळात) मुख्य काम केलेले स्थानिक आणि राष्ट्रीय समालोचक येतात. पाचवे वर्ष त्याआधीच्या काळासाठी राखलेले आहे. यादीत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील किमान एक समालोचक असावा लागतो. स्पॅनिश समालोचकांपैकी बक कनेल (१९८५), हाइमे हारीन (१९९८) आणि फेलो रामीरेझ (२००१) हे मानकरी ठरले आहेत.

निकाल सहसा डिसेंबरमध्ये जाहीर होतो आणि पुरस्कार पुढच्या उन्हाळ्यात कूपरस्टाउनला दिला जातो. २०२३ ते २०२५ चे मानकरी पॅट ह्यूज, जो कॅस्टिल्योनी आणि टॉम हॅमिल्टन हे तिघेही आपापल्या संघाचे रेडिओवरचे आवाज.