दोन गायींचा मुरघास पिशवीतच करावा

मुरघासाची, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याची, माहिती गावोगावी पोचली आहे. तरी दोन-तीन गायींच्या घरी तो एकदा करून सोडून दिलेला दिसतो, आणि आमच्या मते बहुतेकदा चूक खड्ड्याच्या मापात असते. खड्डा उघडला की हवा आत शिरते, यीस्ट आणि बुरशी वाढू लागतात, चारा गरम होतो. म्हणून उघड्या तोंडावरून रोज निदान अर्ध्या फुटाचा थर निघायला हवा. नीट दाबलेल्या एका घनमीटरात साधारण 600 किलो मुरघास मावतो. दोन गायी दिवसाला खातात 30 किलो, म्हणजे घनमीटराचा विसावा भाग. एवढ्याने मोठ्या खड्ड्याच्या तोंडावरून अर्धा फूट निघत नाही, आणि चारा संपण्याआधीच नासतो. 50 किलोची पिशवी दीड-दोन दिवसांत रिकामी होते.

फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांना 3,600 किलो लागतो. नासाडी धरून 4 टन, म्हणजे 80 पिशव्या. दहा-बारा गुंठे चांगला मका त्याला पुरतो.

कापणीची वेळ दाण्यावरून ठरवावी. तो चिकात असावा: दाबल्यावर पातळ दूध नव्हे, पिठूळ चीक यावा. मग कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे बारीक तुकडे, मुठीत घट्ट आवळून सोडावी. पाणी ठिबकलं तर चारा फार ओला आहे. त्यात नको ते जिवाणू वाढून कुजका वास येतो. गोळा लगेच विस्कटला तर फार सुका. तो हळूहळू उलगडला आणि तळवा फक्त ओलसर झाला, तर 65 ते 70 टक्के ओलावा आहे असं समजावं.

कुट्टी 1 ते 2 सेंटिमीटरची हवी. यंत्राची पाती बोथट असतील तर तुकडे लांब पडतात, दबत नाहीत आणि मधे हवा राहते. भरायच्या आदल्या दिवशी पात्यांना धार लावाच. बाहेर विणलेली गोणी, आत प्लॅस्टिकचं अस्तर. अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर टाकून तुडवावेत, कडा आणि कोपरे विशेष. तोंड पिळून, दुमडून सुतळीने दोनदा बांधावं. आतली हवा संपली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मक्यातल्या साखरेवर वाढतात, सामू (आम्लतेचं माप, pH) 4 च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. मक्याला गूळ लागत नाही. नेपियर गवतात साखर कमी आणि पाणी जास्त, म्हणून ते आधी थोडं सुकवून 100 किलोला 2 किलो गूळ घालावा.

पिशव्या सावलीत, फळ्यांवर ठेवाव्यात. उंदराने पाडलेलं भोक दिसेल त्याच दिवशी चिकटपट्टीने बुजवावं.

45 दिवसांनी उघडल्यावर आंबूस-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग यायला हवा. बुरशीचा भाग फेकून द्यावा, गाभण गाईला तर मुळीच घालू नये. एका गाईला रोज 5 किलोपासून सुरुवात करून आठवड्याभरात 15 किलोवर न्यावं. धार काढल्यानंतरच घालावा, नाहीतर दुधाला वास लागतो. मक्याच्या मुरघासात कोरड्या वजनाच्या जेमतेम 8 टक्के प्रथिनं असतात. सोबत लसूणघास किंवा पेंड हवीच.