दाणा झडला नाही म्हणून

राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, कोरलेल्या कातळशिल्पांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ही परग्रहावरच्यांची करामत. यावर शब्द कशाला खर्चायचे? जांभा काही वज्र नव्हे, तो कोरायला माणसाचे हात पुरतात. दुसरी जास्त चिवट आहे: हे कोरणारी रानटी शिकारी माणसं, पुढे कुणा हुशाराला शेती सुचली आणि आपण सुधारलो.

पडलेलं बी उगवतं हे जन्मभर रानात फिरणाऱ्याला कळत नसेल? खरी अडचण रोपाची होती. कोकणात पाणथळीच्या कडेनं आपोआप उगवणारं देवभात पाहा. लोंबीतले दाणे एकदम पिकत नाहीत, आणि पिकलेला दाणा लगेच झडतो. त्याच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. दाणा तयार झाला की त्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि जरा वारा लागला की दाणा चिखलात.

क्वचित एखाद्या रोपात हा थर नीट बनत नाही. एसएच-4 नावाच्या जनुकात डीएनएचं एक अक्षर बदललं तरी एवढं होतं, हे 2006 साली उलगडलं. रानात असं रोप मागे पडतं, कारण त्याचं बी पसरत नाही. आता गंमत बघा. टोपली धरून लोंब्या झटकल्या तर टोपलीत झडणारेच दाणे येणार. पण पीक पुरतं तयार होऊ दिलं आणि बुडातून कापलं, तर झडणारे आधीच खाली गेलेले असतात. भाऱ्यात भरणा धरून राहणाऱ्यांचा. त्यातलंच बी नव्या जागेत पेरलं की त्यांचं प्रमाण हंगामागणिक चढतं. जुन्याच जागी पेरलं तर झडलेलं रानबी पुन्हा डोकं वर काढणार. निवड झाली, पण ठरवून कुणी केली नाही.

आणि थर अर्धवटच बिघडला हे आपलं नशीब. तो साफ नाहीसा झाला असता तर खळ्यात भारा कितीही झोडा, दाणा सुटायला जिवावर आला असता.

याला वेळ किती लागला? चीनमध्ये यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात तियानलुओशान या जुन्या वस्तीत सापडलेल्या भाताच्या दाण्यांची बुडं तपासली गेली. आपणहून झडलेल्याचा व्रण गुळगुळीत, झोडून सुटलेल्याचा फाटका. सुमारे 6900 ते 6600 वर्षांपूर्वीच्या काळात न झडणाऱ्यांचा वाटा 27 टक्क्यांवरून 39 वर गेला. तीनशे वर्षांत एवढंच! 'शेतीचा शोध' लागल्याचा दिवस तिथं कुणी पाहिला नसणार. त्याच वस्तीत लोक ओकची फळं आणि शिंगाडेही गोळा करत होते. वनस्पतींच्या अवशेषांत भाताचा वाटा याच काळात 8 टक्क्यांवरून 24 पर्यंतच पोचला. यात नवल नाही. आपल्याकडचा शेतकरीही पहिल्या पावसात टाकळा खुडतो, चढणीचे मासे मारतो, रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या धरतो, आणि त्याच दिवसांत तरव्याची, म्हणजे लावणीच्या भातरोपांची, पेरणीही उरकतो.