करवंदाची रोपं नेताय? मग आधी कात्रीचं बोलू

दरवर्षी एप्रिल संपत आला की आम्हाला एकाच छापाचे फोन सुरू होतात. "दादा, चार वर्षं झाली, झुडूप कमरेच्या वर गेलंय, हिरवंगार आहे, पण करवंद म्हणाल तर एक नाही, रोपंच खोटी दिलीत तुम्ही." आम्ही एवढंच विचारतो, छाटणी कधी केली? की पलीकडे जरा गप्प, आणि मग, "म्हणजे संक्रांतीनंतर माळी आला होता ना, थोडा शेप दिला." झालं! म्हणून हा कागद छापलाय आणि प्रत्येक रोपाबरोबर देतोय. पिशवीतच ठेवून विसरू नका, तुमच्याकडे कात्री ज्याच्या हातात असते त्याला वाचून दाखवा.

करवंदाला फुलोरा येतो फांदीच्या टोकाला. पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी फुलं, वास जाईची आठवण करून देणारा. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात होते, शिमग्याच्या आसपास बहर, मग हिरवी फळं आणि मे महिन्यात ती काळी पडायला लागतात. आता टोकंच जर संक्रांतीला उडवलीत तर फळ धरणार कुठे?

मागे वाईजवळच्या एका फार्महाऊसवर स्वतः गेलो होतो कारण मालक ऐकेचनात. कुंपण काय देखणं होतं, भिंतीसारखं सरळ, दर महिन्याला मशीन फिरवायचे, आणि त्या अख्ख्या लांबीत फळ नाही. मागे गोठ्याच्या कोपऱ्यात पाइपांचा ढीग पडला होता त्याच्या पलीकडे मशीन पोचत नव्हती, तिथलं एक झुडूप वेडंवाकडं वाढलेलं आणि घोसच्या घोस लागलेले. रोपं एकाच लॉटमधली. मालकांनी तिथंच दोन करवंदं तोडून खाल्ली आणि विषय मिटला.

तर छाटणी जूनमध्ये, फळं संपली आणि पहिला चांगला पाऊस पडला की. हवी तेवढी करा, करवंद चिवट आहे, पावसाळाभर फुटत राहतं. फारच वाटलं तर गणपतीच्या आधी एक हलका हात फिरवा आणि मग कात्री पेटीत टाका ती थेट पुढच्या जूनलाच काढा. कुणाला बारा महिने चौकोनी कुंपणच हवं असेल तर तेही चालेल, झुडूप मरत नाही, पण मग करवंदाचं नाव काढायचं नाही.

दुसरी तक्रार रोप मेल्याची, आणि त्यात दहातले आठ लाडानं मेलेले असतात. हे झुडूप कातळावरचं, सड्यावरचं, जांभ्याच्या फटीत मूळ घुसवून जगणारं. आंबोली, महाबळेश्वर, माथेरान कुठेही जा, डोंगरउतारावर त्याला कोण पाणी घालतं? रोज पाइप सोडला आणि बुंध्याशी पाणी साठलं की मुळं कुजतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्या, पुढे त्याचं तो बघतो. खताचंही तसंच, लावताना खड्ड्यात पाटीभर शेणखत पुरे. फक्त ऊन भरपूर पाहिजे, सावलीत नुसती पानं वाढतात. कुंपणाला दोन-तीन फुटांवर एक लावा, फळासाठी सुटी झाडं हवी असतील तर आठ-दहा फूट सोडा, कारण ते पसरतं आणि काटे जोडीजोडीनं असतात, काही टोकाला दुभंगलेले, आत हात घालायला जागा राहिली नाही तर तोडणारा शिव्या आम्हालाच देणार.

"रानातून फुकट उपटून आणतो की" म्हणणारेही भेटतात. आणा बापडे. कातळातलं मूळ अख्खं निघत नाही, तुटतंच, आणि असं रोप सहसा उन्हाळा बघत नाही. आम्ही पिकलेल्या फळाचं ताजं बी लगेच पेरतो, बी जुनं झालं की उगवत नाही, आणि रोप पिशवीत वर्षभर सांभाळल्याशिवाय विकत नाही. म्हणून शेजारच्यापेक्षा दहा-पंधरा रुपये जास्त पडतात. बियाचं असल्यामुळे दोन झुडपांची फळं सारखी नसणार, एखादं जास्त आंबट निघेल, आणि फळाला तिसरं-चौथं वर्ष उजाडेल हेही आत्ताच सांगतो. ज्यांना मोठं फळ हवंय त्यांच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड ऑर्डरप्रमाणे मागवून देतो.

खाण्याचं म्हणाल तर पिकलेली डोंगरची मैना कशी खायची ते तुम्हाला काय शिकवायचं, फोडायचं आणि आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पण कच्ची फुकट घालवू नका. लोणच्याला टणक हिरवीच घ्या. चीक फार असतो, सुरीला आणि बोटांना तेल लावा, चिरून मिठाच्या पाण्यात टाका, कपड्यावर डाग पडला तर सहजी जात नाही. जेली करायची तर निम्मी कच्ची निम्मी लालसर घ्या, पूर्ण काळी घेतलीत तर जेली धरत नाही, सरबत मात्र काळ्यांचंच. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियमचं नको, आंबट फार आहे. आणि केकवर जी लाल चेरी असते ना, ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं, त्यामुळे शहरातल्या मुलांनी करवंद खाल्लं नाही असं काही नाही.

आमच्या घरचं लोणचं आणि सरबत मे महिन्यात निघतं, संपेपर्यंत मिळतं, आगाऊ सांगितलंत तर बाटली बाजूला ठेवू. रोपं जूनचा पाऊस लागला की द्यायला सुरुवात. न्यायला येताना जुनी गोणपाटं घेऊन या, मागच्या वर्षी एकांच्या नव्या गाडीच्या सीटला काट्यांनी भोकं पाडली आणि ते अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.