नाथसागरात होडी घालण्याआधी: सभासदत्व, नोंदणी, अपघात विमा आणि बेटांची परवानगी

दसऱ्याच्या आसपास धरणाचं गढूळ पाणी निवळायला लागतं आणि आमच्या काठावरच्या गावांत घरोघर जाळी बाहेर निघतात. कुणी फाटलेली जाळी सांधतं, कुणी चप्पूच्या, म्हणजे छोट्या तराफ्याच्या, थर्माकोलवर नवी दोरी आवळतं. रोहू, कटला, मरळ, चिलापी यांच्या मागे दोन-दोन दिवस पाण्यावर काढायचे आणि मधल्या बेटांच्या आडोशाला थांबायचं, असे बेत ठरतात. माझं सेवा केंद्र याच काठावर आहे. कर्ज आणि अनुदान विचारायला लोक येतात. अपघात विम्यात आपलं नाव आहे का, हे विचारायला मात्र वर्षाकाठी दोन-तीन जणच येतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय. उदाहरण पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं आहे. बेटांचा भाग सोडला तर माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी, येलदरी, सिद्धेश्वर, ईसापूर कुठल्याही धरणावरच्या मच्छीमाराला यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी मासेमारीचा हक्क

धरणाचं पाणी सरकारचं, त्यातली मासळीही सरकारचीच. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो आणि संस्थेचे सभासद तिथे मासे धरतात. काही ठिकाणी मच्छीमाराला स्वतःच्या नावाने परवाना काढावा लागतो. आपल्या धरणावर सध्या कोणती पद्धत चालू आहे, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. गावातल्या चर्चेवर राहू नका. दोन वर्षांपूर्वी जे होतं ते आज असेलच असं नाही.

संस्थेचं सभासद व्हायला वय 18 पूर्ण हवं, तुम्ही संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणारे हवेत आणि मासेमारी हा तुमचा खरोखरचा धंदा हवा. बाकी अटी संस्थेच्या उपविधीत, म्हणजे तिच्या छापील नियमावलीत असतात. त्याची प्रत मागून वाचा. अर्जासोबत आधार कार्ड, रहिवासी दाखला, दोन फोटो, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि भागाची (शेअरची) रक्कम द्यावी लागते. रकमेची पावती घेतल्याशिवाय उठू नका.

"संस्थेवाले घेत नाहीत" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. बऱ्याचदा जुने सभासद नव्यांना टाळतात, कारण वाटेकरी वाढतात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 इथे तुमच्या बाजूने आहे. पात्र माणसाला पुरेसं कारण नसताना सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर कारण कळवावं लागतं आणि त्यावर सहकार खात्याच्या निबंधकांकडे अपील करता येतं. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच कळवलं नाही, तर तुम्ही सभासद झालात असं कायदा मानतो. अर्ज हातात घ्यायलाच नकार दिला, तर तो निबंधकांमार्फत देता येतो. म्हणून अर्ज तोंडी कधीच करू नका. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. तीन महिने मोजायचे तर सुरुवातीची तारीख कागदावर असायला हवी.

एनएफडीपीची नोंदणी

केंद्र सरकारने 11 सप्टेंबर 2024 रोजी एनएफडीपी, म्हणजे राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्म हे पोर्टल सुरू केलं. मच्छीमार, मत्स्यशेतकरी, मासळी विकणाऱ्या बाया, संस्था या सगळ्यांची नोंद त्यावर होते. पुढच्या बहुतेक योजनांचा रस्ता आता याच नोंदणीतून जातो. आधार, आधारला जोडलेला चालू मोबाइल आणि बँक खातं एवढ्यावर काम होतं. ओटीपी येतो, माहिती भरली की प्रमाणपत्र निघतं. अडचण येते ती मोबाइलची. आधारला जोडलेलं सिम केव्हाच बंद पडलेलं असतं आणि माणूस रांगेत नंबर आल्यावर ते सांगतो. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, मगच नोंदणीला या. आधारवर जिल्हा अजून 'औरंगाबाद' किंवा 'उस्मानाबाद' छापलेला असला तर घाबरू नका, त्यासाठी अर्ज अडत नाही. नावातला फरक मात्र अडवतो. त्याचं पुढे सांगतो.

अपघात विमा

पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. वय 18 ते 70. हप्त्याचा एक रुपयाही मच्छीमाराला भरावा लागत नाही, तो केंद्र आणि राज्य मिळून भरतात. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर 2.5 लाख आणि अपघातामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत. समुद्रावरच्या माणसाला जेवढं, तेवढंच धरणातल्या माणसाला.

पैसे लागत नाहीत म्हणून आपण आपोआप त्यात असू, असं लोक धरून चालतात. तसं नाही. विमा असतो यादीत नाव असलेल्याचा. यादी संस्थेकडून मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे जाते आणि दर वर्षी नव्याने जाते. गेल्या वर्षी नाव होतं म्हणजे यंदा आहे असं नाही. संस्थेच्या सचिवाला एकच विचारायचं: चालू वर्षाच्या विमा यादीत माझं नाव कितव्या क्रमांकावर आहे? "आहे, आहे" यावर समाधान मानू नका. यादी बघा, आपल्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्या ओळीत तीन गोष्टी तपासा: नाव, जन्मतारीख आणि वारसदाराचं नाव. एक फाईल मी जवळून पाहिली आहे. चप्पू उलटून गेलेल्या माणसाचं नाव संस्थेच्या रजिस्टरला 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', बँकेच्या पासबुकात इंग्रजी आद्याक्षरावरून तिसरंच. वारसदाराचा रकाना कोरा. बायकोच्या आधारवर माहेरचं आडनाव. एकाच घरातली माणसं, पण कागदावर चार अनोळखी लोक. ही बाई दीड वर्ष तहसील, बँक आणि कार्यालय यांच्यामध्ये फिरत होती. प्रत्येक टेबलावर नवं प्रतिज्ञापत्र मागितलं जायचं आणि प्रत्येकासाठी एक दिवसाची मजुरी बुडायची. संस्थेच्या रजिस्टरात नावाची दुरुस्ती करायला एक अर्ज आणि आधारची झेरॉक्स पुरते. माणूस जिवंत असताना हे अर्ध्या तासाचं काम आहे.

वारसदार म्हणून ज्याचं नाव देता त्याचं स्वतःचं बँक खातं आणि आधार चालू आहे ना, हेही बघा. मुलगा अल्पवयीन असेल तर पालक म्हणून कुणाचं नाव द्यायचं ते तिथेच लिहा.

अपघात झालाच तर

हा भाग लिहिताना जड जातं, पण हाच भाग लोकांना माहीत नसतो. पाण्यात कुणी गेलं तर घरच्यांनी लगेच पोलिसांना कळवायचं. पोलिस पाटलाला सांगितलं तरी ठाण्यात नोंद झाली का, ते पाहायचं. आकस्मिक मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेच कलम 174 होतं. पंचनामा आणि शवविच्छेदन त्यातूनच होतं. "आता कशाला चिरफाड, देवाघरी गेला" असं म्हणून बऱ्याच घरांत थेट अंत्यविधी उरकतात. मी समजू शकतो. दोन दिवसांनी पाण्यातून काढलेला देह आणि दारात आकांत, अशा वेळी कागद कुणाला आठवतो? पण पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर हा मृत्यू अपघाती होता हे दाखवायला काहीच उरत नाही आणि दावा तिथेच थांबतो. गावातल्या जाणत्या माणसाने त्या क्षणी एवढी एक गोष्ट धरून ठेवावी.

पंचनाम्यात माणूस मासेमारी करताना गेला हे स्पष्ट लिहून घ्या. जाळं, चप्पू, डबा जे काठावर सापडलं त्याची नोंद होऊ द्या. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, त्या मुदतीत शुल्क नाही. संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला त्याच आठवड्यात लेखी कळवा, तोंडी निरोप पुरत नाही. दाव्याच्या फाईलला विम्याचा अर्ज, पोलिसांची कागदपत्रं, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, सभासद असल्याचं प्रमाणपत्र, मृताचं आणि वारसदाराचं आधार आणि वारसदाराचं पासबुक लागतं. दवाखान्याचा खर्च मागायचा असेल तर भरतीचा आणि सुट्टीचा कागद, औषधांची मूळ बिलं. दारू पिऊन झालेला अपघात, आत्महत्या किंवा आजाराने आलेला मृत्यू यात बसत नाही.

याशिवाय बँकेतली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घेऊन ठेवा. वर्षाला 20 रुपये कटतात, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. 1 जून ते 31 मे असं तिचं वर्ष असतं, म्हणून मे अखेरीस खात्यात 20 रुपये शिल्लक हवेत. हा विमा मत्स्य संपदाच्या विम्याच्या जोडीला वेगळा मिळतो, एक घेतला म्हणून दुसरा जात नाही.

बेटांवर उतरायचं असेल तर

नाथसागर हा 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र 341 चौरस किलोमीटर. आतली बेटं आपल्या आजोबा-पणजोबांच्या बुडालेल्या गावांची उंच टेकाडं असली, तरी आज ती वन्यजीव विभागाच्या अखत्यारीत येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना जायची मुभा मोजक्याच लोकांना आहे: कामावरचे सरकारी नोकर, परवानगीने तिथे राहणारे, तिथे जमिनीचा हक्क असलेले, सार्वजनिक रस्त्याने जाणारे. बाकीच्यांनी परवाना काढायचा. त्यासाठी वन्यजीव विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात साध्या कागदावर अर्ज करा. त्यात कुठल्या काठावरून जाणार, किती दिवस, सोबत किती माणसं, होडी कोणाची, एवढं लिहा. सोबत सर्वांचं आधार आणि मासेमारीच्या हक्काचा कागद जोडा. मासेमारीचा परवाना असला म्हणजे बेटावर मुक्कामाची परवानगी झाली, असं समजू नका. ही दोन खाती आहेत आणि दोघांचे कागद वेगळे.

थंडीत रोहित, पट्टकादंब, चक्रवाक यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात. त्या काळात बेटाजवळ जाळं लावणं टाळा. पक्षी जाळ्यात अडकला तर गुन्हा दाखल होतो, शिवाय ते बघवतही नाही. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला, परवानगीशिवाय हत्यार न्यायला कायद्याने बंदी आहे. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणं तर 1897 च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे, अभयारण्य असो वा नसो. पाहुण्यांना पैसे घेऊन बेटं दाखवायला नेणं हा प्रवासी होडीचा धंदा होतो. मासेमारीच्या कागदावर तो चालत नाही.

अनुदान आणि कर्ज, थोडक्यात

मत्स्य संपदा योजनेतल्या होडी, जाळी, शीतपेटी असलेली मोटारसायकल अशा घटकांवर अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिलांना 60 टक्के. इथे आमच्या भोई, कहार बांधवांचा गैरसमज होतो. भटक्या जमातीचा दाखला जोडला की 60 टक्के मिळेल असं त्यांना वाटतं. या योजनेत तसं नाही, त्यांना 40 टक्केच बसतात. घरातली बाई खरोखर मासळीचा धंदा पाहत असेल तर अर्ज तिच्या नावाने, तिच्या खात्यावर आणि तिच्या संमतीने करा.

किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही मिळतं. व्याज 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 3 टक्के परत, म्हणजे 4 टक्के पडतं. बँकेने "सातबारा आणा" म्हटलं तर सांगा, मासेमारीसाठी सातबारा लागत नाही, मासेमारीचा परवाना किंवा सभासदत्वाचा कागद लागतो. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे, हेही बँकेत जाताना लक्षात असू द्या.

निघायच्या आदल्या दिवशी

पाण्यावर नेताना मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवा. दुपारनंतर वारा सुटला की नाथसागरात लाटा उठतात आणि तिथे चप्पू सांभाळणं पोहणाऱ्यालाही अवघड जातं. जाकीट अंगात घाला, होडीत नुसतं ठेवू नका. कुठल्या बेटाकडे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगा. मूळ कागद घरात एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवा: सभासद पावती, एनएफडीपी प्रमाणपत्र, विमा यादीतल्या ओळीची छापील प्रत, पासबुक. तो डबा कुठे आहे आणि त्यातला कुठला कागद कशाचा, हे घरच्या बाईला एकदा उघडून, हातात देऊन दाखवा.