बालकांमधील चिवट गुदभ्रंश : दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

शौचाला बसल्यावर मुलाच्या गुदाशयाचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) काही भाग उलटा होऊन गुदद्वारातून बाहेर येतो, त्याला गुदभ्रंश म्हणतात. घरात याला ‘अंग बाहेर येणे’ असेही म्हणतात. एक ते तीन वर्षांच्या मुलांत तो जास्त आढळतो. या वयात त्रिकास्थीला (कण्याच्या तळाशी, गुदाशयामागे असलेल्या हाडाला) पुरेसा बाक आलेला नसतो, गुदाशय जवळजवळ उभा असतो आणि आतले अस्तर सैल असते. त्यात बद्धकोष्ठामुळे कुंथणे, लांबलेले जुलाब, जंत, डांग्या खोकला किंवा कुपोषणाने गुदद्वाराभोवतीची चरबी आटणे यांची भर पडली की भाग खाली घसरतो.

लालभडक, ओलसर गोळा पाहून आईबाप हादरतात, पण तो बहुधा आपोआप किंवा मऊ ओल्या कापडाने हलका दाब दिल्यावर आत जातो. फार सूज असेल तर डॉक्टर त्यावर साधी साखर पसरतात. ती पाणी ओढून घेते आणि गोळा आकसतो. बाहेर आलेल्या भागावर एकात एक वर्तुळाकार घड्या दिसल्या तर आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी उतरली आहे असे समजावे. नुसते अस्तर असेल तर घड्या मध्यापासून कडेकडे जातात. दवाखान्यात मूल कुंथत नाही आणि तपासणीत काहीच सापडत नाही. म्हणून घरी मोबाइलवर काढलेला फोटो जरूर दाखवावा, त्यात संकोच नको.

चार वर्षांखालील बहुतेक मुले शस्त्रक्रियेविना बरी होतात. शौच मऊ ठेवणे, जंतांवर औषध आणि पाय जमिनीला टेकतील असे बुटके भांडे यांवर काही महिने नेटाने भर द्यावा लागतो. एवढे करूनही भाग वारंवार उतरत राहिला, हाताने ढकलावा लागला, रक्त किंवा जखम दिसली, अथवा त्रास चार वर्षांनंतर सुरू झाला, तर पुढचा विचार होतो. अस्तराभोवती घट्ट वण तयार करून ते जागी धरून ठेवणारे इंजेक्शन ही त्यातली सोपी पायरी. गुदद्वाराभोवती तार घालण्याची जर्मन शल्यचिकित्सक थिएर्श यांची १८९१ची पद्धत आता मागे पडली आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गुदाशय वर ओढून त्रिकास्थीला टाचतात. फिनलंडमधील हेलसिंकीच्या बालशल्यचिकित्सकांनी २००६ साली या शस्त्रक्रियेचा मुलांमधील आपला प्राथमिक अनुभव प्रसिद्ध केला. पूर्ण भूल दिल्यावर टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करतात, म्हणजे लहान आतडे ओटीपोटातून वर सरकते. बेंबीतून कॅमेरा आणि ३ ते ५ मिलिमीटरच्या छिद्रांतून हत्यारे आत जातात. गुदाशयामागचा भाग हळूहळू मोकळा करताना मूत्रवाहिनी, लघवीवर ताबा ठेवणाऱ्या नसा आणि मुलग्यांमधील शुक्रवाहिनी जपावी लागते. खरे कसब इथेच. मग न विरघळणारे टाके त्रिकास्थीच्या वरच्या कडेवरील चिवट पडद्यातून घेऊन गुदाशयाच्या बाजूला बांधतात. टाका आतड्याच्या पोकळीत शिरता कामा नये. वाढत्या अंगात आधाराची कृत्रिम जाळी ठेवणे टाळावे म्हणून मुलांत नुसते टाके पसंत केले जातात.

मूल लवकर खाऊ लागते आणि साधारण दोन-तीन दिवसांत घरी जाते. शौच मऊ करणारे औषध मात्र पुढेही द्यावे लागते, कारण या शस्त्रक्रियेनंतर बद्धकोष्ठ वाढू शकते. पुन्हा काही बाहेर आलेच, तर ते अस्तर आहे की पूर्ण जाडी हे आधी पाहतात. नुसते अस्तर असेल तर औषधाने किंवा इंजेक्शनने भागू शकते, आणि पूर्ण जाडी असेल तर टाके सुटले का याचा शोध घेतात.