अंगावर वळ न उठणारा छळ

१८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात मेरी एलन विल्सन या दहा वर्षांच्या मुलीने साक्ष दिली. सांभाळणारी बाई जवळजवळ रोज मारते, तिने कात्रीने वारही केला, हे तिने सांगितलेच. शिवाय, कोणी आपला पापा घेतल्याचे आठवत नाही, मांडीवर घेऊन कधी कुरवाळले नाही, हेही सांगितले. बाईला वर्षभराची सक्तमजुरी झाली, ती मारहाणीबद्दल. साक्षीचा दुसरा भाग, ज्याला आज भावनिक छळ म्हणता येईल, कोणत्याच कलमात बसत नव्हता.

पुढे तर शास्त्रच कोरडेपणाची शिफारस करू लागले. १९२८ मध्ये जॉन वॉटसन या नामांकित अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पालकांना बजावले, की मुलांना मिठीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी हवे तर हस्तांदोलन करा. मेरी एलनची तक्रार इथे चक्क संगोपनाचा नियम झाली होती!

या समजुतीला तडा गेला तो छळाच्या नव्हे, आई-बाळाच्या ताटातुटीच्या अभ्यासामुळे. मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये अनाथालयातल्या तान्ह्या बाळांची निरीक्षणे मांडली. तिथे स्वच्छता होती, दूध पुरेसे होते, पण बाळांशी बोलायला-खेळायला कोणाला सवड नव्हती. ती खुरटत गेली, अनेक दगावली. १९५१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मायेच्या माणसाचा सहवास ही बाळाच्या मानसिक आरोग्याची मूलभूत गरज ठरली.

छळाकडे पाहणाऱ्या डॉक्टरांची नजर मात्र हाडांवरच होती. १९६२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांची लक्षणे एकत्र मांडली. वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडे एक्स-रेमध्ये दिसत. काही वर्षांतच अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशा घटना कळवण्याचे कायदे झाले.

मनाचा एक्स-रे निघत नाही. त्यामुळे भावनिक छळ ओळखायचा तर मोठ्यांची वागणूकच तपासावी लागते. १९८६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गार्बारिनो आणि सहकाऱ्यांनी तिचे प्रकार सांगितले: झिडकारणे, एकटे पाडणे, दहशतीत ठेवणे, दखलच न घेणे, वाईट मार्गाला लावणे. यात सातत्य महत्त्वाचे. एखाद्या दिवशी चिडून ओरडलेला बाप यात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १९ व्या कलमात शारीरिक हिंसेबरोबर मानसिक हिंसाही आली. तरी मुलांशी क्रूरतेने वागणे गुन्हा ठरवणाऱ्या इंग्लंडच्या १९३३ च्या कायद्यात मानसिक इजेचा स्पष्ट उल्लेख व्हायला २०१५ उजाडले.

उपचारांचा इतिहास त्याहून तोकडा आहे. लहान मुले विसरून जातात, ही समजूत फार चिवट. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चौचिला इथे २६ मुलांचे शाळेच्या बससह अपहरण झाले. सगळी सुखरूप सुटली, पण बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी त्यांचा काही वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा भीती मुलांच्या स्वप्नांत आणि पुन्हा पुन्हा खेळल्या जाणाऱ्या त्याच खेळांत टिकून असल्याचे आढळले. तिथे अपहरणकर्ते परके होते. घरातल्याच माणसाने केलेल्या छळात एकट्या मुलावर उपचार करून भागत नाही. अमेरिकी मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी सत्तरच्या दशकात आई आणि बाळ दोघांना एकत्र बसवून काम सुरू केले. त्यांना दिसले ते असे: स्वतःच्या बालपणी काय घडले एवढेच नव्हे, तर तेव्हा किती दुखले हेही ज्या आईला आठवते, ती तसा त्रास बाळापर्यंत सहसा पोहोचू देत नाही. घटना आठवते पण वेदना आठवत नाही, तिथे मात्र तेच पुन्हा घडत राहते.